शोकेसमधली चटणी

दीपेश फोनवर "मस्त चाललंय" म्हणाला की किशोरीला काळजी लागायची. "बरं आहे" म्हणाला असता, "कंटाळा आलाय" म्हणाला असता, अगदी वैतागून "आई, नंतर बोलतो" म्हणाला असता, तरी ती निर्धास्त झाली असती. पण हे 'मस्त' फार घाईने यायचं. तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत यायचं, आतून कोणी पटकन कडी घालावी तसं. मग ती विचारायची, जेवलास का? तो म्हणायचा, हो. काय जेवलास? इथे मात्र तो जरासा थांबायचा, आणि ते थांबणं किशोरी दिवसभर बरोबर घेऊन फिरायची. भाजी निवडताना, शिकवणीला येणाऱ्या मुलांची गणितं तपासताना, गच्चीवरचे कपडे काढताना. पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या घराहून उलवे म्हणजे काही परदेश नव्हे. सकाळी बसने जाऊन माणूस दुपारी जेवायला परत येतो. तरी आपला मुलगा कुठल्यातरी बेटावर एकटा राहतो आहे, असं तिला वाटायचं ते वाटायचंच.

उलव्यात त्याचा गाळा होता. नव्या कोऱ्या इमारतीच्या तळमजल्यावर. इमारत उंच, चकचकीत, आणि निम्म्याहून जास्त रिकामी. विमानतळामुळे भाव वाढतील म्हणून लोकांनी घरं घेऊन ठेवली होती, राहायला आले होते थोडेच. संध्याकाळी खालून मान वर करून पाहिलं तर एखाद्या-दुसऱ्या खिडकीत दिवा दिसायचा. समोर आणखी एक इमारत उठत होती. तिची सिमेंटची पूड दिवसभर काउंटरवर येऊन बसायची आणि दीपेश दिवसभर फडकं मारत राहायचा. वर पोटमाळ्यावर गादी आणि पंखा. खाली काचेच्या बरण्यांची रांग, आणि प्रत्येक बरणीवर त्याच्या आजीचा हसरा फोटो. 'भामाआजीची सुकटाची चटणी.'

"एवढ्या आज्या आहेत इथे," तो एकदा म्हणाला होता, "पण एक बोलेल तर शपथ."

तो हसला होता. किशोरीला हसायला जमलं नाही.

दीपेश मुळात बोलायलाच उशिरा लागला. गल्लीतली त्याच्या वयाची मुलं भांडायला लागली तरी हा बोटाने दाखवायचा. किशोरी आपट्याची. पाताळगंगेच्या काठावरच्या त्या गावातून एसटीने पनवेलला येऊन बी.ए. झालेली. मुलांच्या वाढीवर जे काही हाती लागेल ते वाचणारी. तिने डॉक्टर केले, चाचण्या केल्या. सासूने, म्हणजे भामाबाईने, एवढंच केलं की नातवाला स्वयंपाकघरात आपल्याशेजारी पाटावर बसवलं. भामाबाई जन्मभर मिठागरावर राबलेली बाई. मिठागरं गेली, त्यावर रस्ते झाले, तिचा हात मात्र रिकामा बसायला तयार नव्हता. सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, ती नखाएवढी नखाएवढी निवडायची. मग तव्यावर ती चटचट वाजेपर्यंत भाजायची. लसूण, सुक्या मिरच्या, जाडं मीठ, आणि पाट्यावर वरवंट्याची एकसारखी घसर. त्या घसरीवरच दीपेश पहिला शब्द बोलला. "अजून." चटणी मागत होता.

"बघ गो," भामाबाई सुनेला म्हणाली, "तुजा डागदर काय सांगत व्हता? पोराला भूक लागली का बोलतंय."

शाळेत मात्र त्या चटणीनेच त्याचं तोंड पुन्हा बंद केलं. नवीन पनवेलच्या शाळेत निरनिराळ्या गावांहून आलेली मुलं. डबा उघडला की नाकं दाबायची. कोणीतरी त्याचं नाव 'सुकट्या' ठेवलं आणि ते दहावीपर्यंत चिकटलं. दीपेशने घरी काही सांगितलं नाही. फक्त एके सकाळी म्हणाला, "आई, उद्यापासून जॅम-पोळी दे." आजीने विचारलं, का रं? तो म्हणाला, हात तेलकट होतात. भामाबाई समजायचं ते समजली असावी. तिने पुन्हा कधी डब्यात चटणी घातली नाही, पण शाळेतून आल्यावर ताटात वाढायची चुकली नाही. तो दहावीत असताना ती गेली. गेली त्या वर्षी किशोरीने त्याला पाट्यापाशी बसलेलं पाहिलं. आजीच्या हाताची घसर काढायचा प्रयत्न चालला होता. कोणाला सांगायचं नाही, अशा बेताने ती मागच्या पावली परत फिरली.

कॉलेजात तो कॉमर्सला गेला. शेवटच्या बाकावर बसणारा, हजेरीला हात वर करणारा, बाकी काही नाही. तिसऱ्या वर्षाला कॉलेजने उद्योजकता सप्ताह ठरवला. मंडप, फलक, पाहुण्यांची भाषणं. नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा, असं दाराशी भल्या मोठ्या अक्षरांत लावलेलं. अशा सप्ताहांतून पुष्कळदा प्रमाणपत्रं आणि फोटो एवढंच निघतं, पण ह्याची जबाबदारी होती ऋचा मॅडमकडे. वयाने लहान, अंगाने काडी, आणि मुलांनी खरंच काहीतरी करावं म्हणून जीव टाकणारी बाई. तिने वर्गात विचारलं, "तुमच्या घरात असं काय आहे जे दुकानात मिळत नाही?" कोणी पापड म्हणालं, कोणी लोणची. दीपेशच्या दप्तरात त्या दिवशी डबा होता. आता तो स्वतःची चटणी स्वतः करून आणायचा आणि जिन्याखाली एकटा बसून खायचा. मॅडम बाकांमधून फिरत त्याच्यापाशी आली.

"तुझ्याकडे काय आहे?"

"काही नाही मॅडम."

"डब्यावर हात का ठेवलायस मग?"

"वास येईल मॅडम."

"येऊ दे की. वास आल्याशिवाय मला कळणार कसं?"

त्याने झाकण काढलं. पुढच्या बाकावरची मिताली मागे वळली. ती अकोल्याहून आलेली, हॉस्टेलवर राहणारी, हॉस्टेलच्या जेवणाला उबगलेली. तिने न विचारता बोट घातलं, चाटलं, डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा घातलं. "हे काय आहे? आणि इतके दिवस कुठे लपवलं होतंस?"

हे सगळं दीपेशने त्या रात्री घरी सांगितलं. जेवताना, हातवारे करून, मितालीचा आवाज काढून. काशिराम, त्याचा बाप, कंटेनर यार्डातून पाळी संपवून आलेला, घास हातात धरून ऐकत राहिला. किशोरीला आठवेना की हा मुलगा एका बैठकीत इतकी वाक्यं याआधी कधी बोलला होता. ऋचा मॅडमला तिने तेव्हाच मनातल्या मनात हात जोडले. पुढे जे काही झालं त्यानंतरही ते हात तिने काढून घेतले नाहीत.

मॅडमने मुलांना एक काम दिलं होतं. अनोळखी माणसांना तुमची वस्तू चाखायला द्या, वापरायला द्या, आणि ते काय म्हणतात ते ऐका. ओळखीची माणसं नकोत, ती खोटं गोड बोलतात. दीपेश दोन संध्याकाळी स्टेशनसमोर बरणी घेऊन उभा राहिला आणि कोणाशीही न बोलता परत आला. तिसऱ्या संध्याकाळी गावात एका चुलतभावाची हळद होती. आगऱ्यांची हळद म्हणजे अख्खं गाव, पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे. मांडवात ज्यांची नावंही त्याला ठाऊक नव्हती अशी ढीगभर माणसं होती. त्याने बरणी तिथेच फिरवली.

"अनोळखीच होते की," त्याने आईला सांगितलं. "निम्म्यांना मी ओळखतसुद्धा नाही."

तो त्यांना ओळखत नव्हता, पण ते त्याला ओळखत होते. काशिरामचा पोरगा, भामाचा नातू. त्यांनी बोट चाटलं आणि म्हणाले, एक नंबर! दुसरं काय म्हणणार होते?

बरणीवर आजीचा फोटो लावायची कल्पना दीपेशचीच. कोणाच्या तरी लग्नात काढलेला. नऊवारी, नाकात नथ, अंबाड्यात अबोली, आणि कोणीतरी काहीतरी चावट बोलल्यावर फुटलेलं हसू. त्याहून चांगला फोटो भामाबाईचा दुसरा नव्हता.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी मैदानात बाजार भरला. ज्याची विक्री सर्वांत जास्त तो पहिला, असा नियम. किशोरी सकाळीच गेली होती. दीपेशच्या टेबलाशी मिताली डोक्यावरून पदर घेतल्यासारखी ओढणी बांधून लसणाच्या वासात उभी, आणि दीपेश इस्त्रीच्या शर्टात घामाघूम. दोन-चार मुलं आली, वास घेऊन पुढे गेली. एका प्राध्यापकांनी चमचाभर चाखून "वा" म्हटलं आणि खिशात हात न घालता निघून गेले. शेजारी मेणबत्त्या विकणारी मुलगी गिऱ्हाइकाला हाका मारत होती, नाव विचारत होती, गोष्टी सांगत होती. दीपेश बरण्या सरळ करत होता.

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. दाजी आले होते. काशिरामचे थोरले भाऊ, गावातले वजनदार गृहस्थ, आधी शेतकरी, मग जमिनीचे व्यवहार करणारे, आता बांधकामात. बरोबर टेम्पो भरून भावकी, पुढे दोन पोरांच्या हातात फलक. 'आमच्या घराण्याचा अभिमान.' त्यावर दीपेशचा फोटो, आणि त्याच्याहून मोठा दाजींचा.

"ए पोरा, किती हायत?"

"काका, भरपूर आहेत. तुम्हाला किती देऊ?"

"मला कशाला इचारतस? सगल्या बांध."

"सगळ्या? काका, बाकीच्या लोकांना पण..."

"बाकीची लोका कोन?" दाजींनी मागे वळून टेम्पोकडे हात केला. "आमी काय ढोरा हाव?"

अख्खा टेम्पो हसला. मेणबत्त्यावाली मुलगीही हसली. बायकांनी बरण्या पिशव्यांत, ओच्यात, पदरात भरल्या. दुपारच्या आत टेबल रिकामं. किशोरीचे डोळे भरून आले होते. ज्या पोराला सुकट्या म्हणून चिडवलं त्याच्यासाठी अख्खी भावकी उन्हात उभी राहिली, एवढंच तिला तेव्हा दिसत होतं. बक्षीस देताना पाहुणे म्हणाले, "बाजाराने कौल दिला आहे." टाळ्या पडल्या. दीपेश स्टेजवर माइकसमोर उभा राहिला आणि अडखळत का होईना, बोलला. ऋचा मॅडम खाली उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिला फलक दिसत होते, पण गर्दीतला प्रत्येक जण भावकीतलाच हे कळायला ती इथली नव्हती.

त्या कौलावर दीपेशने सगळं ठरवलं. कॉलेजातून एका माल-वाहतुकीच्या कंपनीत नोकरी लागत होती, ती सोडली. दाजींच्या ओळखीने उलव्याचा गाळा मिळाला. उद्घाटनाला पुन्हा टेम्पो आला, बँजो वाजला, नारळ फुटले. मग टेम्पो परत गेला.

पहिले काही आठवडे दीपेश म्हणायचा, लोकांना अजून कळलेलं नाही. मग म्हणायला लागला, लोक राहायला तर येऊ देत. मग काही म्हणेनासा झाला. कधीमधी एखादं गिऱ्हाईक यायचं, बरणी उलटी करून बघायचं, "व्हेज में कुछ है?" विचारायचं आणि जायचं. मिताली नोकरीसाठी पुण्याला गेली. जाताना दोन बरण्या घेऊन गेली, नंतर कधीतरी "आणखी पाठव ना" असा निरोप आला, पण एका मुलीला बरणी पाठवणं म्हणजे धंदा नव्हे, असं दीपेशला वाटलं असावं. त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. बाजारात ज्यांनी बरण्या उचलल्या त्यांतलं एकही माणूस पुन्हा बरणी मागायला का आलं नाही?

एकदा किशोरी भाकरी आणि वालाचं बिरडं घेऊन गेली. दीपेश काउंटरमागे स्टुलावर बसला होता. पंखा बंद. गिऱ्हाईक नसताना पंखा कशाला, म्हणाला. दाढी वाढलेली. तिने डबा उघडला तर तो उभ्याउभ्याच खायला लागला. खाणं संपल्यावर त्याने एक लहान वाटी तिच्यापुढे केली.

"ही चाखून बघ."

तिने चाखली. तिखट कमी होतं, लसूण जवळजवळ नाहीच, आणि जिभेच्या टोकाला काहीतरी गोड लागलं.

"ह्यात साखर आहे का रे?"

"थोडीशी. कशी वाटते?"

"आजीची नाही वाटत."

"तेच तर करायचंय," दीपेश म्हणाला. "आजीची एकदा खाऊन लोक परत आले नाहीत, आई. एवढ्या सगळ्या लोकांनी नेली. एकालाही पुन्हा हवीशी वाटली नाही. म्हणजे चवीतच काहीतरी आहे ना? आपल्याला लहानपणापासूनची सवय, म्हणून आपल्याला आवडते. नाक दाबणारी पोरं खोटं बोलत नव्हती."

किशोरीने डबा पिशवीत घातला. ती बसमध्ये बसली, खिडकीतून मागे पाहिलं, तर तो फडकं घेऊन बरण्या पुसत होता. ज्या चवीवर हा मुलगा पहिला शब्द बोलला, तीच तो चमच्या-चमच्याने काढून टाकत होता, आणि त्याला थांबवायला तिच्याकडे एकही कारण नव्हतं.

कारण सापडलं ते हळदीतच. दाजींच्या नातीची, समृद्धीची हळद. दारात मांडव, मांडवात स्पीकर, आणि आत बायकांची गर्दी. किशोरी बॅगा ठेवायला म्हणून हॉलमधून आतल्या खोलीत जात होती. हॉलच्या भिंतीला मोठं काचेचं शोकेस. त्यात दाजींचे सत्कारांचे चषक, एक काचेचा मोर, आणि मधोमध, चषकांच्याही पुढे, भामाबाई. बरणीवरून हसत होती. बरणीला लहानसा हार घातलेला. फोटोवरच्या कपाळाला कोणीतरी हळद-कुंकू लावलं होतं. झाकणावरची सीलची पट्टी जशीच्या तशी होती.

शांती, दाजींची बायको, हळदीने माखलेल्या हातांनी मागून आली.

"ताई, ही अजून उघडली नाही?"

"उघडू कशी गो?" शांती म्हणाली. "सासूबाय हायत त्या. सासूबाईचा फोटू हाय न् वरसून झाकन फिरवू? आन रिकामी झाली का बरनी टाकाची कुठं? कचऱ्यान?"

"पण चटणी तर खायची होती."

"चटनी घरा नाय काय? आवंदा दोन डबं केल्यान मी." शांती हसली. "तुजी आपली कायतरी. घरची चटनी कोन इकत घेतं? ती पोराच्या मायेपायी घेतली. येवढी माया केली सगल्यांनी."

खोटं काहीच नव्हतं त्यात. माया होती, म्हणून तर बरणी चषकांच्या पुढे होती. पुढच्या काही दिवसांत किशोरी काही ना काही निमित्त काढून भावकीत घरोघरी गेली. रंभाकाकूच्या फ्रीजवर बरणी, प्लास्टिकच्या फुलांशेजारी. गोदूबाईच्या देव्हाऱ्याच्या खालच्या पायरीवर बरणी. एका घरात तिच्यापुढे उदबत्ती. कुठे टीव्हीशेजारी, कुठे लग्नाच्या फोटोशेजारी. सगळीकडे भामाबाई हसत होती आणि सगळीकडे पट्टी शाबूत. अख्ख्या पनवेल तालुक्यात सुकटाची चटणी विकत घ्यायची ज्यांना कधीच गरज पडणार नव्हती नेमकी तीच माणसं गिऱ्हाईक म्हणून आली होती, आणि बाजाराने कौल दिला होता.

तिने काशिरामला सांगितलं. तो पायरीवर बसून चपला घालत होता.

"भाऊला बोलू नको. त्याला वाईट वाटंल."

"आणि दीपेशला?"

"त्याला काय सांगनार? तुजं बक्षीस खोटं व्हतं?" तो उठला. "त्याच्याकडं तेवढंच हाय आता."

हे किशोरीलाही कळत होतं. गाळ्याच्या भिंतीवर एकच गोष्ट टांगलेली होती, ते प्रमाणपत्र. त्या एका दिवसाच्या आधारावर तो एवढे दिवस त्या रिकाम्या इमारतीखाली बसला होता. तो दिवस त्याच्याकडून काढून घ्यायचा? आणि कोणी, आईने? तिने फोनवर तो विषय काढला नाही. बोलायला कोणी नव्हतं. काशिरामची पाळी रात्रीची लागली होती, शिकवणीची मुलं घरी गेली की घरात घड्याळ आणि फ्रीज एवढेच आवाज राहायचे. तिकडे मुलगा एकटा, इकडे ती. दोघांच्या मध्ये बस धावत होती, फोन वाजत होता, आणि दोघंही एकमेकांना 'मस्त' म्हणत होती. कारण हल्ली त्याने "तू कशी आहेस?" विचारलं की तीही घाईनेच उत्तर द्यायला लागली होती.

मग एका दुपारी ऋचा मॅडमचा फोन आला.

"काकू, दीपेश माझे फोन उचलत नाहीये. या वर्षीचा सप्ताह आलाय. मला त्याला मुलांपुढे बोलवायचंय, त्याचा प्रवास सांगायला. यशोगाथा वगैरे नको हो, जे झालं ते सांगू दे. आमच्याकडे चुकलेलं सांगायला कोणी येतच नाही. सगळे जिंकलेलेच येतात."

"त्याला विचारते," किशोरी म्हणाली.

त्याच संध्याकाळी दाजी दारावरून जाता जाता ओरडले, "किशोरी, कालेजात परत बाजार हाय म्हनं! सांग पोराला, आवंदा दोन टेम्पो आनतो!" आणि त्यांच्या आवाजात इतकं निर्मळ प्रेम होतं की तिने हो म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दीपेशने आपणहून फोन केला. हे क्वचितच व्हायचं.

"आई, ठरवलं मी. उद्या सकाळी नवीन लेबल छापायला देतोय. नाव बदलतोय. आजीचा फोटोही काढतोय. गोड चटणी, सगळ्यांना चालेल अशी. आजीची चव लोकांना नको आहे, मग उगाच तिला उन्हात कशाला बसवायचं?"

"दीपेश, थांब जरा..."

"थांबलोच होतो ना इतके दिवस. बाकी मस्त." आणि फोन बंद.

किशोरी तशीच उठून दाजींच्या घरी गेली. शांतीला म्हणाली, "ताई, ती बरणी मला द्या." शांतीने आधी तिच्याकडे, मग शोकेसकडे पाहिलं. "नेतेस तं ने. पन फोटू जपून ठेव." तिने बरणीवरचा हार काढून घेतला आणि शोकेसच्या मोकळ्या जागेवरून पदर फिरवला.

घरी येऊन किशोरीने ओट्यापाशी उभं राहून पट्टी सोलली. झाकण घट्ट बसलं होतं, फडक्याने धरून फिरवावं लागलं. आतून भाजलेल्या सुकटाचा खमंग वास यावा, असं तिला वाटत होतं. आला तो खवट, जुनाट वास. लसूण काळवंडला होता. तिने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि बेसिनमध्ये थुंकली. ताजी होती तेव्हा ही चटणी आजीच्या हातच्यासारखीच असणार. त्या दिवसांत दीपेश पहाटे उठून वाटायचा, तिने ती घसर अंथरुणात पडून ऐकली होती. ती चव कोणी नाकारली नव्हती. ह्या बरण्यांतून ती कोणाच्या तोंडापर्यंत पोचलीच नव्हती. काचेत बसून, हार घालून, कुंकू लावून, इतक्या मायेने ती नासली होती.

बाहेर दिवे लागले होते. काशिराम डबा घेऊन कामावर निघून गेला होता. किशोरीने बरणी पुसली, आजीचा फोटो आपल्याकडे करून ओट्यावर ठेवली आणि मोबाईल हातात घेतला. काय म्हणायचं ते तिने मनात जुळवून पाहिलं. तुझं बक्षीस खरं नव्हतं, असं म्हणायचं नव्हतं. काकांनी फसवलं, असं तर मुळीच नाही, कारण ते खरंही नव्हतं. त्याला एवढंच सांगायचं होतं की बाळा, तुझी चटणी कोणालाही नापसंत पडलेली नाही. ती आजवर अनोळखी माणसांत एकाच मुलीने बरणी उघडून खाल्ली, आणि तिने पुण्याहून पुन्हा मागितली. बाकीच्यांनी झाकणच उघडलेलं नाही. हे ऐकून तो मोडेल, की त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, हे तिला माहीत नव्हतं. आईला सगळं कळतं असं लोक म्हणतात. तिला काहीच कळत नव्हतं. पण सकाळी तो लेबल छापायला देणार होता, आणि तोपर्यंत गप्प राहणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

तिने त्याचं नाव दाबलं. तिकडे घंटी वाजायला लागली. उलव्याच्या त्या अंधाऱ्या इमारतीखाली, फडकं खाली ठेवून तो आता फोनकडे हात नेत असेल. किशोरीने मोबाईल कानाला लावला. तो 'मस्त' म्हणायच्या आत तिला बोलायचं होतं.